माझं आवडतं पुस्तक लेकराला आवडंना, काय करू?

लेकरं आणि पुस्तकं : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमचं लहानपणीचं आवडतं पुस्तक घरात कुणाला वाचायला दिलं का, अन् दिलं तर पुढं काय झालं. पत्रं भरपूर आली, बहुतेकांची सुरुवात "दिलं, पण..." अशीच आहे. त्यातली सहा इथं घेतलीत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, म्हणून कुणाचंच छापलं नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. ‘श्यामची आई’ म्हणजे माझ्या जिवाचं पुस्तक. आमची आई लाइट गेली की कंदील लावून आम्हाला ते वाचून दाखवायची, वाचता वाचता तिचाच आवाज भरून यायचा अन् आम्ही चौघं भावंडं तिला चिकटून रडायचो. तीच जुनी पिवळी पडलेली प्रत मी नवं कव्हर घालून माझ्या लेकाला नवव्या वाढदिवसाला दिली. त्यानं दोन प्रकरणं कशीबशी वाचली अन् म्हणतो मम्मी बोअर आहे, ह्यात सगळे सारखे रडतात. मला इतका राग आला की नको नको ते बोलून बसले. आता ते पुस्तक दिसलं की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो. माझं काय चुकलं?
— एक आई, परभणी

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण हेच माझ्याही घरी झालंय, फक्त पुस्तक वेगळं होतं अन् राग माझ्यापेक्षा माझ्या लेकीला जास्त आला होता.

तुम्हीच लिहिलेलं परत एकदा वाचून बघा. कंदील, लाइट गेलेली, चौघं भावंडं, आईचा आवाज. तुमच्या मनात ते पुस्तक ह्या सगळ्यासकट बसलंय. लेकराला मात्र नुसता कागद मिळाला, वर कव्हर घातलेला, म्हणजे जपून वापर असा दमच जणू. त्याला ती रात्र मिळालीच नाही.

अन् मुळात ते पुस्तक रात्रीचंच आहे बघा. त्यातल्या प्रकरणांना प्रकरण न म्हणता रात्र म्हणलंय, पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस. आश्रमात प्रार्थना झाली की श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची बांधणी. साने गुरुजींनी त्यातला बराचसा भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिला, अन् १९३५ ला पुस्तक आलं. म्हणजे ते कुणीतरी सांगावं अन् बाकीच्यांनी ऐकावं असंच लिहिलेलं आहे, नऊ वर्षांच्या पोराला एकट्यानं वाचायला दिलं तर ते जडच जाणार. आणि भाषा? अन् त्यातलं जग? शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं कोकणातलं घर, तिथलं सोवळं, तिथल्या पत्रावळी, समुद्र, आंबे-फणस. आपल्या लेकरानं यातलं काय पाहिलंय? त्याला कापूस माहिती, सोयाबीन माहिती, आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी माहिती. तुमच्या आईनं तुम्हाला वाचून दाखवताना मधी थांबून हे सगळं समजावून सांगितलं असणार, ते तुमच्या लक्षातही राहिलं नाही, कारण ते गोष्टीतच मिसळून गेलं.

तेव्हा आता एक करा. महिनाभर त्या पुस्तकाचं नावच काढू नका. मग एखाद्या दिवशी स्वयंपाक करता करता, पुस्तक हातात न घेता, तो पोहण्याचा प्रसंग तुमच्या भाषेत सांगा. श्याम पोहायला भितो, लपून बसतो, अन् आई त्याला शोधून काढून शिंपटीनं झोडपते अन् विहिरीवर पाठवते, अन् नंतर त्याच्या अंगावरचे वळ बघून तिच्याच डोळ्याला पाणी येतं. एवढं सांगून झालं की त्याला विचारा, आईनं मारलं ते बरोबर केलं का रे? अन् मग गप्प बसा. तो जे बोलेल ते ऐका. तो म्हणेल चूक केलं. म्हणू द्या! मीसुद्धा आज वाचते तेव्हा तिथं अडखळते, आणि ते पुस्तकावरचं माझं प्रेम कमी झालंय म्हणून नाही. वर्गात मी हा प्रसंग दरवर्षी सांगायचे अन् दरवर्षी पोरांची दोन टोळकी पडायची, एकदा तर एक पोरगी उभं राहून म्हणाली, बाई माझी आई पण मारती पण नंतर रडत नाही. सगळा वर्ग चिडीचूप. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला जवळ घेऊन बसले. ज्या पुस्तकामुळं एक लेकरू एवढं मनातलं बोलून गेलं, ते आपण परीक्षेच्या धड्यासारखं पाठ करून घ्यायला निघालो तर कसं व्हायचं?

आणि नाहीच आवडलं तर नाही आवडलं. तुमच्या मायेनं दिलेलं पुस्तक त्यानं नाकारलं म्हणजे तुम्हाला नाकारलं असं नाही हो. त्याला काय आवडतं ते विचारा, क्रिकेटरचं चरित्र म्हणाला तर ते आणा, अन् तुम्ही पण वाचा. जी रागाची भाषा झाली त्याबद्दल त्याला सरळ सांगा की मी चिडले ते माझं चुकलं. आईनं असं म्हणलेलं लेकरं विसरत नसतात.

प्रश्न : ताई, मी अंबाजोगाईची आजी. दोन्ही नातू पुण्यात, इंग्लिश मीडियम. उन्हाळ्यात महिनाभर येतात. मी त्यांच्यासाठी ‘गोट्या’, ‘फास्टर फेणे’ जपून ठेवलेत, पण त्यांना मराठी वाचायला जड जातं, अक्षर लावत लावत वाचतात अन् कंटाळतात. मोठा तेरा वर्षांचा, तो दिवसभर बाजेवर पडून हॅरी पॉटर वाचतो. मी जवळ गेले की म्हणतो आजी तुला नाही कळणार. मला फार वाईट वाटतं. आपली भाषा ह्या पोरांपर्यंत पोचणारच नाही का?
— आजी, अंबाजोगाई

उत्तर : आजी, "तुला नाही कळणार" हे ऐकून वाईट वाटणारच. पण त्यावर उपाय तुमच्याच हातात आहे अन् सोपा आहे. त्याला म्हणा, मला सांग की, कळतं का नाही ते बघू.

मला खात्री आहे तुम्हाला कळेल, कारण त्यातली अर्धी गोष्ट तुम्हाला आधीच माहिती आहे. त्या गोष्टीतला जो दुष्ट जादूगार आहे ना, तो आपल्या जिवाचे तुकडे करून वेगवेगळ्या वस्तूंमधे दडवून ठेवतो, म्हणजे त्याला कुणी मारूच शकत नाही. आता सांगा, राक्षसाचा जीव सात समुद्रापलीकडच्या पोपटात, ही गोष्ट तुम्ही किती जणांना सांगून झोपवलंय? नातवानं त्याची गोष्ट सांगितली की तुम्ही तुमच्या पोपटाची सांगा. बघा तो बाजेवर उठून बसतो का नाही.

आणि हॅरी पॉटर मराठीतही मिळतो, सातही भाग आलेत. तुम्ही पहिला भाग मराठीत वाचायला घ्या, तो इंग्रजीतून वाचतोय, अन् संध्याकाळी वट्ट्यावर बसून तू कुठवर आलास मी कुठवर आले असं चालू द्या. एखादा मराठी शब्द तुम्हाला पटणार नाही, एखादा त्याला विचित्र वाटेल, त्यावरून भांडा खुशाल. भाषा अशीच पोचते, भांडता भांडता. परदेशी पुस्तक म्हणून नाक मुरडू नका एवढं मात्र कळकळीनं सांगते. आपणही भाषांतरांवरच मोठे झालो की. तुमचा फास्टर फेणे ज्यांनी लिहिला त्या भा. रा. भागवतांनीच ज्यूल व्हर्नच्या गोष्टी मराठीत आणल्या. रशियन पुस्तकं आठवतात का, गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची अन् अगदी स्वस्त? आमच्या गावात प्रदर्शनाची गाडी यायची तेव्हा आम्ही ती हावरटासारखी घ्यायचो, अन् बर्फ म्हणजे काय ते माहीत नसताना बर्फातल्या पोरांच्या गोष्टी वाचायचो.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. त्यांना मराठी वाचायला यायचं पण हळू, बोट ठेवून. ते मला हातिमताईच्या गोष्टी उर्दूमिश्रित मराठीत सांगायचे अन् मी त्यांना माझं मराठीचं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचे. कुणाला काय येत नाही ह्याची त्या घरात लाज नव्हती. तुमच्या नातवाचं मराठी अडखळतं ना, अडखळू द्या, हसू नका अन् दर शब्दाला दुरुस्त करू नका. एक पान तुम्ही वाचा, एक ओळ त्यानं वाचायची. एवढंच. धाकट्यासाठी माधुरी पुरंदरेंची पुस्तकं मागवा, ‘राधाचं घर’, ‘यश’ वगैरे, चित्रं मोठी, मजकूर थोडा, अन् घर आपल्या घरासारखं, त्यात आजी-आजोबा पण आपल्यासारखेच, उगाच उपदेश न करणारे. फास्टर फेणे तुम्ही मोठ्यानं वाचा, तो "ट्टॉक" करतो तिथं पोरांना करायला लावा. माझ्या पुतण्याला ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ एवढं म्हणायला इतकं आवडायचं की दिवसभर घरभर तेच.

अजून एक पुस्तक, तुम्हा दोघांसाठी. ‘तोत्तोचान’. जपानमधली गोष्ट, खरीखुरी, रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेची. नॅशनल बुक ट्रस्टनं मराठीत काढलंय, महाग नाही. एका शाळेतून काढून टाकलेली छोटी पोरगी नव्या शाळेत येते, अन् मुख्याध्यापक तिला म्हणतात, तुला जे सांगायचंय ते सगळं सांग. ती सांगत राहते. ते चार तास ऐकतात. मधी जांभई नाही, घड्याळ बघणं नाही. आजी, तुमच्याकडे उन्हाळाभर वेळ आहे. त्या पोरांच्या आईबापांकडे तो नाही.

प्रश्न : मी गंगाखेड तालुक्यातला शेतकरी. मुलगी अकरावीला लातूरला ठेवली आहे, नीटची तयारी. होस्टेल, क्लास, मेस मिळून खर्च किती ते तुम्हाला माहितीच असेल. मागच्या आठवड्यात भेटायला गेलो तर उशीखाली कादंबऱ्या, तीन. एक वाचनालयाची, दोन मैत्रिणींच्या. मी काही बोललो नाही पण मनातून हादरलो. दोन वर्षं तरी हे बंद करायला सांगावं का? ती रागवेल म्हणून भीती पण वाटते.
— एक वडील

उत्तर : दादा, तुम्ही तिथल्या तिथं बोलला नाहीत हे फार चांगलं केलं. आता माझं स्पष्ट मत सांगते, बंद करायला सांगू नका.

लातूर पॅटर्नमधली पोरं मी जवळून पाहिलीत, माझी भाची त्यातून गेली. पहाटे उठायचं, क्लास, टेस्ट, परत क्लास, रात्री रँक मोबाईलवर. सोळा वर्षांचं लेकरू घरापासून लांब, एका खोलीत तिघी, अन् प्रत्येकीच्या घरचं कुणीतरी जमीन विकून नाहीतर कर्ज काढून पैसे भरतंय हे प्रत्येकीला माहिती. त्या ओझ्याखाली रात्री अर्धा तास ती दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात जाऊन येत असेल तर ते तिला टिकवून धरणारं आहे. तुम्ही तेवढं काढून घेतलंत तर तो अर्धा तास अभ्यासाला मिळेल असं वाटतं का? मोबाईलवर जाईल, नाहीतर छताकडं बघण्यात. रात्रभर वाचत बसत असेल अन् झोप होत नसेल तर मात्र झोपेबद्दल बोला. झोपेबद्दलच, पुस्तकाबद्दल नाही.

तिच्या उशीखाली काय आहे ते चोरून वाचू नका. विचारून वाचा. "यातलं कुठलं मला झेपेल?" असं विचारलं तर तिला आधी विश्वास बसणार नाही, पण ती सांगेल.

आणि पुढच्या खेपेला जाताना डब्याबरोबर तुम्ही एक पुस्तक न्या, वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. १९८१ साली आलेलं अन् अजून घरोघरी वाचलं जातं. पण देण्याआधी तुम्ही स्वतः वाचा दादा, कारण ते तुमच्याच धंद्याचं आहे. अमेरिकेतला गुलामाच्या पोटी जन्मलेला काळा मुलगा, तान्हा असताना आईसकट पळवला गेला, आई परत दिसलीच नाही, दुसऱ्याच्या घरी वाढला, शाळेसाठी गावोगाव भटकला, लोकांची धुणी धुऊन शिकला, अन् शेवटी शेतीचा शास्त्रज्ञ झाला. १८९६ मध्ये तो टस्कीगीच्या संस्थेत गेला तेव्हा तिकडची जमीन वर्षानुवर्षं कापूस घेऊन घेऊन खंगून गेली होती. त्यानं शेतकऱ्यांना सांगितलं की नुसता कापूस नका लावू, मधी भुईमूग घ्या, शेंगवर्गी पीक जमिनीला नत्र परत देतं. मग भुईमूग उदंड झाला अन् विकणार कुठं असा प्रश्न आला, तर त्यानं शेंगदाण्यापासून काय काय बनवता येईल त्याच्या मागंच लागून शेकडो वस्तू काढल्या. पीक आलं अन् भाव नाही, हे तुम्हाला मला कुणी समजावून सांगायला पाहिजे का? हे वाचल्यावर तुम्ही पोरीशी फोनवर जेवलीस का, टेस्ट कशी गेली, ह्याच्या पलीकडचं काहीतरी बोलाल. आमच्या दाजींनी हे पुस्तक रानात आखाड्यावर बसून चार दिवसांत संपवलं होतं अन् मग भाचीला फोन करून पाऊण तास बोलत होते. ती नंतर मला म्हणाली, मावशी, पप्पा पहिल्यांदा माझ्याशी मार्क सोडून बोलले.

तिला स्वतःसाठी काही सुचवायचं असेल तर प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. आजी-आजोबांकडं राहायला ठेवलेल्या लंपन नावाच्या पोराचं आहे, आईवडील लांब, मैत्रीण सुमी, अन् त्याला काय वाटतंय ते त्यालाच नीट सांगता येत नाही म्हणून तो "मॅडसारखं" होतंय म्हणतो. घरापासून लांब राहिलेल्या पोरीला ते लागेल. चार पुस्तकं आहेत त्या मालिकेत, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ पुढची. शेवटच्याच्या आधी तिला म्हणावं मन घट्ट कर. का ते सांगत नाही.

प्रश्न : बीड जिल्ह्यातल्या झेडपी शाळेवर शिक्षिका आहे. दिवाळीनंतर निम्म्या पोरांचे आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं आज्ज्यांकडं राहतात. शाळेत पुस्तकांचं कपाट आहे पण चावी साहेबांकडं, फाटतील म्हणून कुणाला देत नाहीत. घरात पुस्तकांचं वातावरण वगैरे आपण म्हणतो, ह्या पोरांच्या घरी ते कसं आणायचं? आज्ज्यांना तर वाचताही येत नाही.
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, आधी कपाट उघडा. भांडून नाही, साहेबांना लिहून द्या की फाटलेल्या पुस्तकांची जबाबदारी माझी. मी हेच केलं होतं, अन् वर्षाच्या शेवटी नऊ पुस्तकं फाटली, दोन हरवली. ती नऊ मी अन् पोरांनी मिळून खळ करून चिकटवली, जुन्या साडीच्या पट्ट्या पुठ्ठ्याला लावून. ठिगळ लावलेली पुस्तकं सगळ्यात जास्त वाचली गेली, कारण ज्यानं चिकटवलं तो दुसऱ्याला दाखवायचा हे मी केलंय म्हणून. कुलपातली पुस्तकं वाळवी खाते, ती काय रजिस्टरवर सही करून खात नाही.

आता आज्ज्यांचं. त्यांना वाचता येत नाही हीच तुमची जमेची बाजू आहे, खरंच सांगते. शनिवारी प्रत्येक पोराला एक पुस्तक घरी द्या अन् अभ्यास एकच, आज्जीला वाचून दाखवायचं अन् सोमवारी आज्जी काय म्हणाली ते सांगायचं. दुसरी-तिसरीचं लेकरू ज्याचं वाचन वर्गात अडखळतं ते आज्जीपुढं बिनधास्त वाचतं, कारण चूक काढायला तिथं कुणी नाही. आणि आज्ज्या गप्प ऐकून घेत नसतात. आमच्या इथली एक आज्जी ससा-कासवाची गोष्ट ऐकून म्हणली, ससा झोपला नसंल, त्याला वाटंत त्याचं लेकरू भेटलं असंल. पोरानं ते सोमवारी सांगितलं अन् मी ते फळ्यावर लिहून ठेवलं, आठवडाभर पुसलं नाही. मग बाकीच्यांनी पण आपापल्या आज्ज्यांचं सांगायला सुरुवात केली, कुणी जात्यावरच्या ओव्या लिहून आणल्या, कुणी कोडी. त्याचंच आम्ही पाठकोऱ्या कागदांचं पुस्तक शिवलं अन् उसाच्या फडावरून आईबाप आले तेव्हा ते वाचून दाखवलं.

फोन असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापूनही घेता येतात. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन टाकलेत, १९७१ पासूनचे, तेही फुकट. मोठ्या पोरांना भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ वाचून दाखवा, आपल्याच मातीतले लेखक, कळंबकडचे. बाजारात टोमॅटोला भाव नाही म्हणून बाप चिडून स्वतःचा माल पायानं तुडवतो अन् लेकरू बघत राहतं. ती वाचून झाल्यावर लगेच प्रश्न विचारू नका. त्या पोरांनी असे बाप पाहिलेत.

प्रश्न : आमच्या गावात पुस्तकाचं दुकानच नाही. वह्या अन् गाइड मिळतात फक्त. ऑनलाइन मागवलं तर पुस्तकापेक्षा पोस्टेज जास्त. आम्ही कुठून आणायची पुस्तकं?
— हदगाव, जि. नांदेड

उत्तर : तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक वाचनालय असतं, अ, ब, क, ड असे वर्ग असतात त्यांचे, तिथं जाऊन बालविभाग आहे का विचारा. नसेल तर मागणी लिहून द्या, चारपाच पालकांनी मिळून दिली की ग्रंथपालाला यादीत बालसाहित्य घालावंच लागतं. पुस्तकं मागवायची तर चार घरांनी एकत्र मागवा, पोस्टेज वाटून जातं अन् पुस्तकंही चार घरांत फिरतात. जिल्ह्याला वर्षातून एकदा ग्रंथोत्सव भरतो, तेव्हा पोरांना घेऊन जा अन् पुस्तक त्यांनाच निवडू द्या. वेरूळला लेणी बघायला जाल तेव्हा तिथल्या पुस्तकांच्या गावाचीही चौकशी करा.

प्रश्न : मी सातवीत आहे. मला भुताची आणि रहस्याची पुस्तकं आवडतात. पप्पा म्हणतात फालतू वाचू नको, चरित्र वाच. मम्मी माझी पुस्तकं माझ्या आधी वाचते आणि जेवताना शेवट सांगून टाकते. मी काय करू?
— एक वाचक, वय १२, जालना

उत्तर : बाळा, तुझं पत्र सगळ्यात नीट अक्षरातलं होतं.

पप्पांना एक गोष्ट सांग. भारत सासणे नावाचे मोठे लेखक आहेत, जन्म तुझ्याच जालन्याचा. २०२२ ला उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं त्याचे ते अध्यक्ष होते. त्यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली अन् तिला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आता तिचं नाव पप्पांना मोठ्यानं वाचून दाखव, ‘समशेर आणि भूत बंगला’. फालतू असती तर अकादमीनं दिला असता का? ती वाच. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टी पण मराठीत आल्यात, त्या पण वाच, त्यात भुतं कमी अन् डोकं जास्त. लहान बहीणभाऊ असतील तर त्यांना राजीव तांबेंचं ‘प्रेमळ भूत’ वाचून दाखव, म्हणजे रात्री घाबरून तुझ्याच पांघरुणात येणार नाहीत. चरित्रं पण वाच गं, पप्पांसाठी नाही, कधीतरी तुलाच वाटेल तेव्हा. पप्पा लहानपणी चांदोबातला वेताळ वाचत होते का ते आजीला विचारून बघ, बहुतेक वाचत होते.

मम्मीचं मात्र मला फार आवडलं. ज्या घरात पुस्तक आधी कोण वाचणार यावरून चढाओढ लागते त्या घरात तू राहतेस, फार कमी जणांना असं घर मिळतं. पण शेवट सांगणं चूकच आहे, त्यात मी पूर्ण तुझ्या बाजूनं. मम्मीला म्हण की दोघींनी एकच पुस्तक एकदमच वाचायचं, दोन खुणा घालायच्या, तुझी लाल, तिची निळी, अन् जिची खूण मागं असेल तिच्यासमोर पुढचं बोलायचं नाही. शेवटची वीस पानं राहिली की थांबायचं अन् ती रविवारी दुपारी एकत्र बसून मोठ्यानं वाचायची, एक पान तू, एक पान ती. तिनं ऐकलं नाही तर मला परत लिही.